नाशिकमध्ये चित्रं कुठं बघायची? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

या वेळी चित्रप्रदर्शनं, कलादालनं आणि म्युझियम या विषयावर तुमच्याकडून प्रश्न मागवले होते, ते अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले. सारखे वाटले ते एकत्र केलेत, नावं काढून फक्त भाग आणि काम-धंदा ठेवलाय. सगळ्यांना जागा देता आली नाही, पण जे घेतलेत त्यांना नीट उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

प्रश्न : मुंबई-पुण्यात सारखी प्रदर्शनं चालू असतात, नाशिकमध्ये काही होतच नाही असं वाटतं. आणि झालं तरी संपल्यावर कळतं. सध्या कुठं काय लागलंय हे कसं शोधायचं? (गृहिणी, कॉलेज रोड)

होतं ताई, भरपूर होतं, फक्त फार थोडे दिवस असतं. आपल्याकडं बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच हॉल भाड्यानं घेतो, चित्रं टेम्पोत घालून आणतो, शनिवार-रविवार धरून तीन-चार दिवस लावतो आणि उतरवतो, त्यामुळं आम्ही इथं तारीख छापली तरी मासिक तुमच्या हातात पडेपर्यंत भिंती रिकाम्या झालेल्या असतात. म्हणून तारखा देत नाही, जागा सांगते. गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक, शालिमारला कालिदास कलामंदिराजवळचं महात्मा फुले कलादालन, आणि आपलं सावाना, म्हणजे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय. या तीन ठिकाणांवरून तुम्ही काही ना काही कामानं जातच असाल, तर जाता-येता गेटवरचा फ्लेक्स वाचायची सवय लावून घ्या. पेपरातल्या नाशिकच्या पानावर 'आज शहरात' असं एक बारीक चौकोनी सदर असतं ना, तेही बघत चला. आणि एकदा एखाद्या प्रदर्शनाला गेलात की तिथल्या वहीत अभिप्रायाखाली फोन नंबर लिहून या, पुढच्या वेळी चित्रकार स्वतः मेसेज करतो. गावातली प्रदर्शनं अशीच कळतात, दुसरा काही मोठा मार्ग नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मात्र जाऊ नका. पाहुणे, हारतुरे, फोटो, भाषणं यात चित्रं कुणीच बघत नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन-चारला जा. हॉल रिकामा असतो, चित्रकार एकटा खुर्चीवर बसलेला असतो, आणि कुणीतरी येऊन विचारावं याची वाट बघत असतो. त्याला बिनधास्त विचारा, हे कुठं बसून केलंत, किती वेळ लागला, आधी काय रंगवलं. 'छान आहे' एवढंच म्हणून निघालात तर तोही 'थँक यू' म्हणतो आणि विषय संपतो.

आणि नाशिकच्या प्रदर्शनात जलरंग दिसले की दोन मिनिटं जास्त थांबा, ती आपल्या गावाची खासियत आहे. शिवाजी तुपे सरांनी गोदाघाट आणि जुनं नाशिक जलरंगात रंगवलं, ते २०१३ मध्ये गेले, पण जागेवर बसून रंगवायची ती सवय इथल्या पुढच्या पिढीत उतरली. आज प्रफुल्ल सावंतांची जलरंगातली कामं परदेशातल्या प्रदर्शनांत लागतात. चित्राच्या अगदी जवळ जा आणि पांढरा रंग शोधा. घाटाच्या पायऱ्यांवर पडलेलं सकाळचं ऊन, कुणाच्या तरी धोतराची कड, पाण्यातली चमक, ते सगळं पांढरं दिसतंय ना, तिथं बहुतेक वेळा रंगच नसतो, तो कोरा कागद असतो. म्हणजे चित्रकारानं सुरुवात करायच्या आधीच ठरवलेलं असतं की इथं ब्रश लावायचा नाही, आणि मग आजूबाजूला ओला रंग पळत असताना तेवढी जागा राखायची. तैलरंगात चुकलं तर वरून झाकता येतं, इथं ती सोय फारशी नाही. हे फोनवरच्या फोटोत कळत नाही, कागदाचा पोत आणि कोरी जागा डोळ्यांनीच बघावी लागते.

प्रश्न : रिटायर झालोय. पूर्वी नोकरीनिमित्त मुंबईला जायचो तेव्हा जहांगीर कलादालनाला चक्कर व्हायची, तिथल्या समोवार कॅफेत चहा व्हायचा. आता सौ. ना घेऊन एका दिवसात जाऊन यायचंय. काय काय बघून होईल? (नाशिक रोड)

काका, नाशिक रोडला राहता म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. सकाळची पंचवटी धरा, अकराच्या आत सीएसएमटीला उतराल, तिथून काळा घोडा अगदी जवळ, टॅक्सी केली तरी उत्तम. जहांगीर, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणजे एनजीएमए, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिन्ही एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर आहेत. फक्त सोमवारी जाऊ नका, एनजीएमए बंद असतं.

तुमचं समोवार मात्र २०१५ मध्ये बंद झालं, ते शोधत बसू नका.

जहांगीर १९५२ पासून आहे, तिकीट नाही, आणि आतली प्रदर्शनं दर आठवड्याला बदलतात, त्यामुळं तिथं काय मिळेल ते नशिबावर सोडा. एखादा हॉल आवडेल, एखाद्यातून अर्ध्या मिनिटात बाहेर याल, दोन्ही चालतं. बाहेरच्या फुटपाथवर जे चित्रकार चित्रं मांडून बसतात त्यांच्याकडंही बघा, तिथं चांगलं काम करणारे लोक असतात, आणि आत हॉल मिळण्यासाठी किती वर्षं वाट बघावी लागते ते त्यांच्याकडूनच ऐका.

एनजीएमए म्हणजे पूर्वीचा सर कावसजी जहांगीर हॉल. तुमच्या आधीच्या पिढीनं तिथं सभा आणि गाण्याच्या मैफली ऐकलेल्या असतील. १९९६ मध्ये तिथं हे संग्रहालय सुरू झालं. आतमध्ये अर्धगोल मजले चढत चढत घुमटापर्यंत जातात, सौ. ना गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी दारावरच लिफ्टची चौकशी करा. इथं एकेका चित्रकाराचं आयुष्यभराचं काम एकत्र लावलेलं बघायला मिळतं, आणि त्याची मजा वेगळी असते, विशीतला हात कसा होता आणि सत्तरीत काय झाला ते चढता चढता कळतं.

जेवण झाल्यावर म्युझियम. १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं, त्याआधी पहिल्या महायुद्धात ती इमारत जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलसाठी वापरली गेली होती. पूर्ण बघायच्या भानगडीत पडू नका, थकाल. लघुचित्रांचं दालन गाठा आणि तिथंच बसा. तळहाताएवढ्या चित्रात झाडाचं पान न् पान वेगळं काढलेलं असतं, चष्मा विसरू नका. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं, पण ते त्याच दिवशी कोंबू नका, त्यासाठी वेगळी खेप करा, बुधवार टाळा आणि उघडं आहे की नाही ते निघायच्या आधी बघून घ्या. संध्याकाळच्या पंचवटीनं परत.

प्रश्न : मॉडर्न आर्टमधलं मला काहीच कळत नाही. नुसता एक रंग फासलेला असतो आणि लोक गंभीर चेहऱ्यानं बघत असतात. हे खरंच कळतं का त्यांना? (इंजिनिअर, अंबड)

काहींना कळतं, काही कळत नसूनही बघत राहतात, आणि दुसऱ्या प्रकारचे लोकच पुढं पहिल्या प्रकारचे होतात. तुम्ही 'हे काय आहे' असं विचारत चित्रापुढं उभे राहता म्हणून अडतंय. गाणं ऐकताना आपण यमनच्या आलापीला 'हे कशाचं चित्र आहे' असं विचारत नाही, सुरात बसतो, तसंच इथं करा.

एक नाव सांगते, वासुदेव गायतोंडे. १९२४ मध्ये आपल्या नागपूरला जन्म, मुंबईच्या जेजेत, म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, २००१ मध्ये दिल्लीकडं वारले. त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, एक थर द्यायचा, तो काढायचा, परत द्यायचा, असं करत वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण व्हायची. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमनं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मुंबईत कुठंही गायतोंडेंचं काम लागल्याचं कळलं तर सोडू नका. लांबून तुम्हाला एकच पिवळा नाहीतर हिरवा दिसेल. तिथंच उभे राहा, मोबाईल खिशात ठेवा. थोड्या वेळानं त्या एका रंगाच्या पोटात खालचे रंग दिसायला लागतात, मग काही खुणा वर तरंगल्यासारख्या होतात, काही आत बुडतात. तुम्ही इंजिनिअर आहात, तर मी म्हणेन की थरांचा क्रम शोधा, खाली काय होतं, वर काय आलं, कुठं खरवडलंय. एवढं केलंत तरी चित्रकाराच्या हाताच्या मागं मागं गेलात, आणि 'फासलेला' हा शब्द तुम्हीच परत वापरणार नाही. आणि हो, सगळंच अमूर्त चांगलं नसतं, कुणीतरी खरंच नुसता रंग फासलेलाही असतो, थर शोधायला गेलात की तोही लगेच पकडता येतो.

प्रश्न : आठवीच्या मुलांना सहलीला म्युझियम दाखवायचंय पण मुलं कंटाळतात, काचेतल्या वस्तूंपुढून पळत जातात. नाशिकच्या आसपास काय दाखवावं? (शिक्षक, सातपूर)

सर, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण उत्तर तुमच्या शाळेपासून फार लांब नाहीये. अंजनेरीला, त्र्यंबक रोडवर, डोंगराच्या पायथ्याशी नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे आणि तिथं नाण्यांचं म्युझियम आहे. संस्था १९८० ची. मुलांना आधी तिथं न्या, संस्थेला आधी कळवून. मग त्याच दिवशी पांडवलेणी. मधली गोष्ट मात्र तुम्ही सांगायची, ती अशी.

१९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात जमिनीत चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपान या क्षहरात राजाची. पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर एक दुसरा ठसा मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. म्हणजे हरलेल्या राजाची नाणी जिंकलेल्यानं वितळवली नाहीत, त्याच्या चेहऱ्यावर आपला शिक्का मारला आणि परत बाजारात सोडली. वस्तू तीच, वजन तेच, सत्ता बदलली. काही नाण्यांवर खालच्या राजाचं नाक नाहीतर अक्षरं अजून दिसतात. आठवीच्या मुलांना हे एका वाक्यात कळतं, आणि मग काचेपलीकडच्या वाटाण्याएवढ्या चांदीच्या तुकड्यावर डोळे लावून ती ठसे शोधत बसतात.

मग पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा. एकूण २४ लेणी आहेत. दहा नंबरचं नहपानाच्या जावयानं, उषवदातानं कोरवून घेतलेलं, त्यानं काय काय दान केलं ते तिथं भिंतीवर लिहिलंय. आणि तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातकर्णीच्या आईचा शिलालेख. त्यात मुलाचं वर्णन करताना 'खखरात वंशाचा', म्हणजे नहपानाच्या क्षहरात घराण्याचा, 'नि:शेष नाश करणारा' असं म्हटलंय. ज्या घराण्याची नाणी सकाळी बघितली, तेच घराणं दुपारी दगडात, दोन्ही बाजूंनी! जावयाचं लेणं आणि ज्यानं त्यांना हरवलं त्याच्या आईचं लेणं एकाच डोंगरात, चालत मिनिटभराच्या अंतरावर. मुलांना ब्राह्मी वाचता येणार नाही, पण 'क' हे अक्षर अधिकच्या चिन्हासारखं दिसतं एवढं सांगा आणि भिंतीवर शोधायला लावा, कोण किती शोधतो ते. पळणार नाहीत, उलट तुम्हालाच खाली उतरवताना ओरडावं लागेल. पायथ्याशी फाळके स्मारक आहेच, डबे तिथं खा.

सिन्नरचं गारगोटी म्युझियम वेगळ्या दिवसासाठी ठेवा. ती कला नाही, खनिजं आहेत, पण आपल्याच दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोटातून निघालेले ते स्फटिक बघून मुलं वेडी होतात.

प्रश्न : म्युझियममध्ये एवढा अंधार का असतो? पैसे देऊन जायचं आणि नीट दिसत पण नाही. (विद्यार्थिनी, पंचवटी)

उजेडानं रंग उडतात म्हणून. कागदावरची चित्रं, जलरंग, जुनं कापड, पैठण्या यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू नये असा म्युझियमवाल्यांचा नियम असतो, आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून काही वस्तू थोडे महिने मांडतात आणि परत पेटीत ठेवतात. आत गेल्यावर थोडा वेळ नुसतं थांबा, डोळे सरावतात, मग दिसतं. फ्लॅश मारू नका.

प्रश्न : आमच्या आजोबांपासून देवघरात रविवर्मांची लक्ष्मी आहे. ती खरी असेल का? आणि रविवर्मांची खरी चित्रं महाराष्ट्रात कुठं बघायला मिळतील? (शेतकरी, सटाणा)

दादा, ते बहुतेक छापील चित्र आहे, ओलिओग्राफ. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या. छापील असली तरी आजोबांच्या काळची प्रत जपण्यासारखी आहे. काचेला चिकटली असेल तर घरी सोडवायला जाऊ नका, आणि समईच्या धुरापासून जरा लांब टांगा. या छापखान्याशी आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचाही संबंध होता, सिनेमाच्या कितीतरी आधी ते चित्रांच्या छपाईत होते.

खऱ्या चित्रांसाठी औंधला जा, सातारा जिल्ह्यातलं औंध. यमाई देवीच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उघडलेलं. ते स्वतः चित्रं काढायचे. तिथं रविवर्मा आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मुलाचं शिल्पही आहे, एका खेड्याच्या डोंगरावर! देवीचं दर्शन आणि हे, एका खेपेत होतं. छापील लक्ष्मी रोज बघणाऱ्या माणसानं एकदा तैलरंगातला रविवर्मा जवळून बघावाच. जरीच्या काठावर रंगाचे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यावर खिडकीचा उजेड पडला की काठ खरंच चमकतो. छपाईत ते सपाट झालं.

प्रश्न : माझा मुलगा इंटरमिजिएट झाला, ए ग्रेड आहे. चित्रं चांगली काढतो पण सगळी फोन बघून. त्याची चित्रं कुठं प्रदर्शनात लावता येतील? (आई, सिडको)

ताई, आधी प्रदर्शन नको, आधी त्याला प्रदर्शनं दाखवा. आणि फोन बाजूला ठेवून रविवारी सकाळी रामकुंडावर नाहीतर सरकारवाड्यासमोर वही घेऊन बसवा. फोनमधल्या फोटोत सगळं आधीच सपाट झालेलं असतं, कॅमेऱ्यानं काय घ्यायचं काय सोडायचं ते ठरवून टाकलेलं असतं, मुलाला फक्त उतरवायचं उरतं. समोर गर्दी हलतेय, सावली सरकतेय, टपरीवाला मध्येच उठून गेला, तेव्हा काय सोडायचं ते त्याला स्वतः ठरवावं लागेल. तिथं तो शिकेल. सुरुवातीला चिडेल, चित्र बिघडेल, बिघडू द्या, त्यात काही वाईट नाही.

पुढं कला महाविद्यालयात गेला तर महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो, कॉलेजमार्फत काम पाठवता येतं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे, तिच्या वार्षिक प्रदर्शनासाठीही लोक काम पाठवतात. फाळके १८८५ मध्ये चित्रकला शिकायला जेजेत गेले होते, नाशिक जिल्ह्यातून ही वाट तेव्हापासून आहे. घाई करू नका, पण त्याचं प्रत्येक काम तारीख टाकून ठेवा, फेकू देऊ नका.

प्रश्न : प्रदर्शनात किंमत विचारायला लाज वाटते. घ्यायचं नसेल तर विचारावं का? आणि घ्यायचं असेल तर काय बघावं, फसवणूक होते का? (बँकेत नोकरी, इंदिरानगर)

खुशाल विचारा. टेबलावर किमतीची यादी असते, ती मागून घ्या, कुणाला राग येत नाही. चित्राच्या पट्टीवर लाल टिकली चिकटवलेली दिसली तर ते विकलं गेलंय असं समजा.

घ्यायचं असेल तर पट्टीवरचं माध्यम वाचा. 'कॅनव्हासवर तैलरंग', 'कागदावर जलरंग', 'मिश्र माध्यम' असं लिहिलेलं असतं. हल्ली कॅनव्हासवर डिजिटल प्रिंट काढून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेलीही मिळतात. तसं स्पष्ट सांगून विकलं तर काही हरकत नाही, पण हातानं केलेलं म्हणून तुम्ही तेवढी किंमत देऊ नका. भिंतीला गाल लावल्यासारखं बाजूनं बघा. खऱ्या चित्रात जाड रंग आणि पातळ रंग बदलतात ते रंगाप्रमाणे बदलतात, प्रिंटवर उंचवटे एकीकडं आणि खालचा रंग दुसरीकडंच जातो. शंका आली तर भिंग मागा, छापील ठिपके लगेच दिसतात.

खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ४/२० असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका, ते मुद्राचित्र आहे, म्हणजे चित्रकारानं स्वतः कोरलेल्या पाटीवरून नाहीतर लाकडावरून घेतलेल्या वीस ठशांमधला चौथा. ते खरंच असतं, आणि एकच प्रत नसल्यामुळं पेंटिंगपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतं. पगारातून पहिलं काही घ्यायचं असेल तर मी तुम्हाला तेच सुचवेन.

वारली घेणार असाल तर कुणी काढलंय ते नाव विचारा. ती मुळात लग्नाच्या वेळी घराच्या गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनींनी लिहायची गोष्ट. जिव्या सोमा मशे यांनी ती कागद-कापडावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्र्यंबकच्या पुढं मोखाडा-जव्हारकडं आजही काढणारी घरं आहेत, तिथं गेलात तर त्यांच्याच हातून घ्या, पैसे पूर्ण त्यांना मिळतात. पूर्वी एकसारखा तारपा नाच शिक्क्यानं छापलेला कपच घेतला असेल तर तो चहाला वापरा.

घासाघीस करू नका. हप्त्यानं चालेल का असं विचारा, बरेच चित्रकार हो म्हणतात. पावती घ्या, तिच्यावर चित्राचं नाव, माप, माध्यम, वर्ष आणि सही असू द्या, आणि चित्राच्या मागच्या बाजूलाही चित्रकाराकडून तेच लिहून घ्या. घरी पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका, जलरंग असेल तर काच लावून घ्या आणि काच नि कागद यांच्यात माउंटची पट्टी टाकायला फ्रेमवाल्याला बजावून सांगा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो.

पुढच्या अंकासाठी विषय : वाडे आणि जुनी घरं, दुरुस्ती आणि जपणूक. प्रश्न लवकर पाठवा, शक्यतो वाड्याचा भाग आणि साधारण वय लिहून.